थोरल्या सिस्टरांची फेरी

क्ष-किरण विभाग संपतो आणि धुलाईघर सुरू होते, त्या दोहोंमधल्या लांबट खोलीत रेकॉर्डबाईंनी नोकरीची एकतीस वर्षे काढली होती. त्यांचे खरे नाव पगारपत्रकावर होते आणि ते तिथेच राहिले. वॉर्डातल्या परिचारिका, लिफ्टवाला, मोठे डॉक्टर, सगळे त्यांना रेकॉर्डबाईच म्हणत. "माणूस बरा होऊन घरी जातो, नाहीतर वर जातो," असे त्या नव्या माणसाला ओळख करून देताना सांगत, "पण फाईल मात्र दोन्ही वेळा खाली माझ्याकडेच येते."

बाईंचा कामातला कडकपणा साऱ्या इमारतीला ठाऊक होता. बाजारात जुना रुग्ण भेटला आणि त्याने हसून नमस्कार केला, तर त्या नमस्कार परत करत, पण "आता पोट कसं आहे?" असे चुकूनही विचारत नसत. त्याच्या पोटाचे त्यांना माहीत आहे, हे त्याच्याबरोबरच्या बायकोला कशाला कळायला हवे? कुतूहल म्हणून त्यांनी आयुष्यात एकही फाईल उघडली नव्हती. आणि तरीही या इमारतीतली सर्वांत मोठी ढिलाई त्यांच्याच हातून झालेली होती.

त्या ढिलाईला सगळे 'थोरल्या सिस्टरांचं खातं' म्हणत.

थोरल्या सिस्टर म्हणजे सातव्या वॉर्डच्या मुख्य परिचारिका. रुग्णालयात संगणक आले तेव्हा प्रत्येकाला आपले खाते आणि आपला पासवर्ड मिळाला. पण मशीन दर पाच मिनिटांनी बाहेर काढी, पासवर्ड विसरला की अर्धा तास जाई, आणि तेवढ्यात खाटेवरचा माणूस कण्हू लागे. थोरल्या सिस्टरांचे खाते सगळ्या वॉर्डांना चाले. त्यांनी ते मोकळ्या हाताने वाटून टाकले. "माझं घ्या गं पोरींनो, काम अडवू नका," असे त्या म्हणत. पुढे एका पाळीहून दुसऱ्या पाळीला येण्याच्या मधल्या वेळात, घरी खुर्चीत बसल्या बसल्या त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर चिठ्ठी आली : कर्मचारी मयत, खाते बंद करावे. बाईंनी पोच म्हणून सही केली. तेवढ्यात वरून फोन आला. "बाई, आजची पाळी जाऊ द्या ना, आम्ही सगळ्या त्यांच्याच खात्यावर आहोत." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वॉर्डाचा आला. बाईंचे मनही हळवे झालेले होते. ते घोंगडे भिजत पडले, ते नऊ वर्षे.

"थोरल्या सिस्टर अजून ड्यूटीवर आहेत," असा वॉर्डात विनोद होता. नव्या मुलीला पहिल्या दिवशी हातमोजे कुठे, गरम पाण्याचा नळ कुठे आणि सिस्टरांचा पासवर्ड काय, हे तिन्ही एकाच दमात सांगितले जाई. काही नव्या मुलींना तर ते यंत्राचेच नाव वाटे. संगणकाच्या दृष्टीने ती बाई नऊ वर्षे रोज तिन्ही पाळ्या करत होती, एकाच क्षणी चौथ्या मजल्यावर आणि तळघरात हजर राहत होती, आणि कधी रजेवर गेली नव्हती.

त्या वर्षी सरकारने रुग्णांच्या माहितीच्या सुरक्षेसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. प्रत्येकाने स्वतःच्याच पासवर्डने फाईल उघडायची, तोही दोनदा पडताळून. माणूस नोकरी सोडेल वा मरेल त्याच दिवशी त्याचे खाते बंद. फाईल कोणी कोणी पाहिली याची यादी रुग्णाने मागितली तर द्यायची. माहिती चोरीला गेली तर तीन दिवसांत रुग्णाला कळवायचे. रुग्णालयांच्या संघटनेने मसुद्याला कडाडून विरोध केला. मोठे डॉक्टर त्या संघटनेचे सचिव होते. त्यांनी बाईंना वर बोलावून घेतले.

"बसा बाई. मी काही चोरांचा वकील नाही," ते म्हणाले. "पण मला सांगा, छातीत कळ येऊन माणूस दारात पडलाय आणि आमची पोरगी दोन-दोनदा पासवर्ड टाकत बसलीय, हे चालेल? वीस खाटांची छोटी रुग्णालयं हे यंत्रणेचं ओझं कुठून उचलणार? टाळं लावतील. आणि कागदावर नियम करणाऱ्यानं एकदा तरी रात्रपाळी केलीय का?"

बाईंना त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. त्यांनी तसे बोलूनही दाखवले.

"मग झालं तर. शुक्रवारी सुनावणी आहे. डॉक्टरांचं कोण ऐकतं? एकतीस वर्षं फाईली सांभाळणाऱ्या बाईंचं पत्र असलं की वजन पडेल." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात एक वाक्य होते : आमच्या रुग्णालयात उघडलेली प्रत्येक फाईल कोणी उघडली, हे मी केव्हाही सांगू शकते.

"आकडे तेवढे तुम्ही भरा. वर्षाला किती फाईली उघडतात वगैरे. आणि सही."

बाईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. त्या दिवसांत त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते, त्याचे कारण घरी होते.

घरी त्यांचा धाकटा भाऊ होता. दोघांचीही लग्ने राहून गेली होती, आणि दोघांनीही त्याचा बोभाटा केला नव्हता. भाऊ दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात काचा घासून देई. बारा वर्षांपूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येऊ लागले होते. सातव्या वॉर्डात थोरल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली चार महिने काढून तो बरा झाला. तेव्हापासून एक गोळी, ठरलेली झोप आणि ठरलेले काम. दुकानदाराला, शेजाऱ्यांना, कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

महिन्यापूर्वी दुपारी बाई अचानक लवकर घरी आल्या, तर भाऊ जेवणाच्या ताटाकडे पाठ करून टेलिफोनजवळ उभा होता. फोन ठेवलेला होता.

"कुणाचा होता रे?"

"ताई, हसू नकोस." तो ताटाकडे वळला. "थोरल्या सिस्टरांचा."

बाईंनी पर्स दारातच खाली ठेवली.

"काय म्हणाल्या?"

"राजा, जेवलास का, म्हणाल्या. उशी डोक्याखाली नको, पायाखाली ठेव, म्हणाल्या. भिंतीकडे तोंड करून झोपू नकोस, म्हणाल्या. ताई, हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तुलासुद्धा नाही." आणि मग खालच्या आवाजात, "त्या गेल्यात ना? मी त्यांच्या प्रेताला खांदा द्यायला आलो होतो ना तुझ्याबरोबर?"

"आला होतास."

"मग परत सुरू झालं, ताई."

घरातला टेलिफोन जुना, तबकडीचा. आलेला नंबर दाखवण्याची त्याला सोय नव्हती. फोन रोज येत नसे. येई तेव्हा दुपारी दीडला, भाऊ जेवायला घरी एकटा असताना. बाईंनी दोनदा रजा काढून वाट पाहिली; टेलिफोन मुका राहिला. त्यांनी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि गोळी दुप्पट केली. भावाचे हात थरथरू लागले. घासता घासता एका आठवड्यात त्याने चार भिंगे फोडली, आणि दुकानदार म्हणाला, "काही दिवस विश्रांती घे, मित्रा." तो आता दिवसभर खिडकीजवळ बसे आणि टेलिफोनकडे पाहणे टाळी. आजाराची त्याला इतकी भीती नव्हती. आपल्या कानांवर आपण पुन्हा कधीच विश्वास ठेवू शकणार नाही, या विचाराने तो खचला होता. "आता तू हाक मारलीस तरी मी आधी तुझे ओठ बघतो, ताई," असे तो एकदा म्हणाला होता.

बुधवारी बाई पत्रातले आकडे काढायला बसल्या. कोणती फाईल, कोणाच्या खात्यातून, किती वाजता उघडली याची नोंद संगणक आपोआप ठेवत असे. ती पाहण्याची वेळ आजवर कोणावर आली नव्हती. बाईंनी मागचा महिना उघडला. अपेक्षेप्रमाणे पानेच्या पाने थोरल्या सिस्टर. चौथा वॉर्ड, प्रसूती, अतिदक्षता. दिवसाचा हा सारा गलबला ओळखीचा होता. पण दुपारी एक ते दोनच्या दरम्यान त्यातून एक वेगळीच रांग निघत होती. सातवा वॉर्ड, खाट एक. चार मिनिटांनी खाट दोन. मग तीन. मग चार. फाईली बारा वर्षांपूर्वीच्या. त्या खाटांवरची निम्मी माणसे आज हयात नव्हती. थोरल्या सिस्टर दुपारची फेरी घालत तशी, खाटेला खाट लावून, कोणी तरी त्या वॉर्डातून चालले होते. प्रत्येक खाटेपाशी चार मिनिटे थांबत होते.

खाट अकरा. अकरा नंबर भावाचा होता. त्या एका खाटेपाशी फेरी महिन्यात नऊ वेळा आली होती.

त्यांनी घड्याळ पाहिले. एक वाजून चाळीस मिनिटे. यादीच्या तळाशी, त्यांच्या डोळ्यांदेखत, एक नवी ओळ उमटली. खाट सव्वीस.

बाईंनी सातव्या वॉर्डात फोन लावला. "जुन्या फाईली कोण बघतंय गं वर?"

"जुन्या? बाई, इथं नव्यांना बघायला माणूस नाही!"

संगणक विभागातले टक्कल पडलेले गृहस्थ, ज्यांना सगळे वायरवाले म्हणत, ते डबा अर्धा टाकून खाली आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा पाहिला आणि यादी तळापासून वर वाचत नेली.

"हे इमारतीतून नाही," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टरांना घरून फाईली दिसाव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी आपण बाहेरून दार उघडलं ना, तिथून. कुठूनही असेल. शेजारच्या गल्लीतून, नाहीतर समुद्रापलीकडून."

"पण एकेक खाट?"

"यादी जशी लावलीय तशी उतरवून घेतायत. एका दमात उचललं तर नजरेत येईल, म्हणून सावकाश. मग विकायच्या आधी माहिती ताजी आहे का, माणूस त्याच नंबरवर आहे का, हे फोन करून बघतात. कुणी ओळखीचं वाटावं असं बोलतात, आणि जिथं फोन उचलला जातो तिथं पुन्हा पुन्हा येतात." त्यांनी चष्मा खाली घेतला. "बाई, कुणाला फोन आला का?"

बाईंनी पुन्हा अकरा नंबरची ओळ पाहिली. त्यांना एकाच वेळी हसू आणि रडू येत होते. भाऊ वेडा झालेला नव्हता.

त्या तशाच वर गेल्या. मोठ्या डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकले. त्यांचा चेहरा उतरला, हे खरे. पण माणूस निर्ढावलेला नसला तरी अडकलेला होता.

"परवा सुनावणी आहे, बाई. आज हे बाहेर गेलं तर आपल्या एकट्याचं नाही, दोनशे रुग्णालयांचं नाक कापलं जाईल. सोमवारी मी स्वतः बसतो याच्यावर. तोवर खात्याला हात लावू नका. सगळे वॉर्ड ठप्प होतील, आणि का झाले हे सांगावं लागेल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "चिठ्ठीवर सही तुमची आहे ना? मयत, खाते बंद करावे? मी दोष देत नाही. आठवण करून देतोय. भावाची फाईल आज संध्याकाळी मी वेगळी काढायला लावतो. कुणाच्या नजरेस पडणार नाही."

"आणि बाकीच्या खाटा?"

मोठ्या डॉक्टरांनी कागदावरचे वजन उचलून दुसऱ्या कागदावर ठेवले.

गुरुवारी बाईंनी रजा टाकली. भावाला त्यांनी काही सांगितले नाही. नुसते सांगून त्याला पटले नसते, हे त्या जाणून होत्या. ताईला माझी दया आली म्हणून ती असे म्हणते, हाच अर्थ त्याने काढला असता. त्या नेहमीच्या वेळी चपला घालून बाहेर पडल्या, गल्लीच्या टोकाला वळसा घालून मागच्या दाराने आत आल्या आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिल्या. या आधीच्या दोन रजांना त्या खिडकीत बसल्या होत्या. या वेळी कोणी घरावर नजर ठेवून असेलच, असे नव्हते. पण नसेलच, असेही त्यांना आता छातीठोकपणे म्हणता येईना.

दीड वाजला. टेलिफोन वाजला. भाऊ उठला नाही. चौथ्या घंटीला बाई बाहेर आल्या, त्यांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवले, रिसीव्हर उचलला आणि दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. लहानपणी एकाच पुस्तकात डोकी घालावीत तशी दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"राजा," एक बाईचा आवाज म्हणाला. आवाज थोरल्या सिस्टरांचा नव्हता. पण त्यात कसलीच घाई नव्हती, आणि मायाही हुबेहूब होती. "जेवलास का? 'राजा' अशी हाक मारल्यास दोन घास जास्त खातो. उशी पायाखाली घेतल्यास शांत झोपतो. भिंतीकडे तोंड केल्यास रडतो."

ही वाक्ये बोलण्यातली नव्हतीच. खातो, झोपतो, रडतो. ही परिचारिकेच्या नोंदवहीची भाषा होती. थोरल्या सिस्टरांनी बारा वर्षांपूर्वी, पाळी संपताना, पुढच्या पाळीच्या मुलीने या पोराला नीट सांभाळावे म्हणून लिहिलेल्या त्या ओळी होत्या. कोणी तरी त्या समोर ठेवून वाचत होते.

"कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या.

पलीकडे कागद उलटल्यासारखा किंवा कळ दाबल्यासारखा बारीक आवाज.

"रेकॉर्डबाई ना?" तोच मऊ स्वर. "फोन डाव्या कानाला धरलाय का? त्या कानानं तुम्हाला कमी येतं. उजव्याला धरा."

बाईंना डाव्या कानाने कमी येते, हे जगात एकाच ठिकाणी नोंदलेले होते : रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत. भावालाही त्यांनी सांगितले नव्हते. आणि भावाच्या फाईलवर नातेवाइकाच्या रकान्यात 'रेकॉर्डबाई' एवढेच लिहिलेले होते. रिसीव्हर कधी खाली ठेवला गेला, हे त्यांना कळलेच नाही. त्या खुर्चीवर बसल्या. भाऊ मात्र उभाच होता, आणि त्यांच्या ओठांकडे पाहत नव्हता.

"ताई, तुला ऐकू आलं?"

"आलं."

"राजा म्हणालेलं?"

"राजा म्हणालेलं. उशीचं, भिंतीचं. सगळं. माणूस आहे तो, जिवंत. तुझी फाईल वाचतोय."

भावाने दोन्ही हातांनी आपले कान झाकले, उघडले, पुन्हा झाकले. जणू हरवलेली वस्तू परत मिळाल्यावर ती तीच आहे का, हे कोणी पारखून पाहावे. मग तो ताटावर बसला आणि भराभरा जेवू लागला. बाईंनी त्याचे जेवण होऊ दिले. त्यानंतर त्यांनी चिठ्ठीची, फोनवरच्या आर्जवांची आणि नऊ वर्षांची सारी हकीकत सांगितली. एक अक्षर वगळले नाही.

"म्हणजे दार तूच उघडं ठेवलंस," तो म्हणाला.

"मीच."

तो उठून गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कोरे कागद होते.

"लिही. त्या सुनावणीवाल्यांना."

"तुझं नाव घालावं लागणार नाही. पण घरचं माणूस म्हटलं की दुकानात कळायला वेळ लागणार नाही."

"कळू दे. आणि आजाराचं नावही घाल. नुसतं 'मनाचा आजार' लिहिलंस तर लोक त्याहून भयंकर काहीतरी समजतील." मग तो म्हणाला, "आणि तुझ्या कानाचंही घाल. मी एकटाच का?"

बाईंनी मोठ्या डॉक्टरांचा मसुदा बाजूला ठेवला, फेकला नाही. रात्रपाळीच्या मुलीची ओढाताण, छोट्या रुग्णालयांची अडचण, हे त्यातले खरे होते ते त्यांनी आपल्या अक्षरात उतरवून घेतले. त्या एका वाक्याशी येऊन मात्र त्या थांबल्या, आणि त्याच्या जागी लिहिले : आमच्या रुग्णालयात उघडलेल्या बहुतेक फाईली नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या एका परिचारिकेने उघडल्या आहेत. तिचे खाते बंद करण्याचे काम माझे होते. मी ते केले नाही.

शुक्रवारी सकाळी पत्र सुनावणीसाठी त्या दिवशी लवकर उघडलेल्या कचेरीत देऊन, पोचेवर शिक्का घेऊन त्या रुग्णालयात आल्या. साडेआठला त्यांनी खाते बंद केले. त्याला दोन कळा पुरल्या. पहिला फोन आठ एकतीसला आला, मग खोलीतले तिन्ही फोन एकदम वाजू लागले. "बाई, थोरल्या सिस्टर गेल्या!" चौथ्या वॉर्डाची मुलगी ओरडत होती. "हो गं," बाई म्हणाल्या, "आपापल्या खात्यावर या. ज्याला पासवर्ड आठवत नाही त्यानं खाली यावं." दहा वाजेपर्यंत धुलाईघरापर्यंत रांग लागली. रांगेत, कोट हातावर टाकून, मोठे डॉक्टरही होते. त्यांचे स्वतःचे खाते सात वर्षांत एकदाही उघडले गेलेले नव्हते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाईंनी त्यांचा पासवर्ड नवा करून दिला, आणि त्यांनी बाईंच्या टेबलावर खुलासा मागणारी नोटीस ठेवली. "हे मला करावंच लागतं, बाई," ते म्हणाले. "मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

नियमांचा मसुदा पुढे अधिक विचारविनिमयासाठी वर्षभर लांबणीवर पडला. बाईंची एक वेतनवाढ रोखली गेली. सातव्या वॉर्डाच्या त्या जुन्या खाटांवरच्या जिवंत माणसांना एकेक पत्र गेले. ती पत्रे बाईंनी स्वतः लिहिली.

भावाची गोळी पुन्हा एकावर आली. दुकानदाराने सगळे ऐकून एवढेच विचारले, "हात थरथरायचे थांबले ना?" ते थांबले होते.

फोन मात्र थांबले नाहीत. बंद केलेले दार पुढच्या चोराला अडवते, पण नेलेले परत आणत नाही, असे वायरवाल्यांनी आधीच सांगितले होते. एका दुपारी बाई घरी असताना दीडच्या ठोक्याला टेलिफोन वाजला. भावाने जेवता जेवता डाव्या हाताने रिसीव्हर उचलला, क्षणभर ऐकले आणि कानापासून दूर धरला.

"राजा, जेवलास का?" रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता.

"ताई, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"बरं." त्याने रिसीव्हर ताटाशेजारी आडवा ठेवला आणि पुढचा घास घेतला. आवाज अकरा नंबरच्या खाटेची नोंद, न थांबता, टेबलाच्या लाकडाला वाचून दाखवत राहिला.